सहा शाया, सगळ्या काळ्या

महागाव,
मंगळवार, दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. बबितास,

दादाचे आशीर्वाद. मामांकडे फुलसावंगीला तू बरी असशील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. बापू कापसाच्या वेचणीत आहेत. बाया मिळत नाहीत म्हणून जो समोर येईल त्याच्यावर चिडतात. याडी रोज विचारते, माझ्या लेकीचा फोन आला का? मी म्हणतो, आला होता. आपण बोलतो बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, पण लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो, म्हणून पत्र जरा परकं वाटलं तर रागावू नकोस. आधीच रागावलेली आहेस. फोन उचलत नाहीस म्हणून तर हा कागद.

आधी मशिनीचं सांगतो. तुला ते माहीत आहे, पण मलाच एकदा सगळं ओळीने लावून पाहायचं आहे.

जुन्या प्रिंटरमधल्या रंगीत शाया मी काढल्या, नळ्या धुतल्या आणि नागपूरहून आणलेली काजळीची काळी शाई सहाही खान्यांत भरली. एकात घट्ट, दुसऱ्यात थोडी पातळ, असं करत शेवटच्या खान्यात जवळजवळ पाणीच. रंगीत शायांची मशीन करडा रंग काढायला निळा, गुलाबी, पिवळा मिसळते, मग फोटो कधी हिरवट होतो, कधी गुलाबी. माझ्या शायांत रंगच नाही, तर बिघडणार काय? पहिला प्रिंट तू खिडकीपाशी नेलास आणि म्हणालीस, "थोडा तपकिरी हाये दादा, पण माणूस जिता वाटते." तो फोटो तेरवीसाठी होता. तेव्हापासून तालुक्यातले सगळे मेलेले लोक माझ्याच दुकानात येतात.

आता तुझ्या सगाईचा फोटो. मी सगळ्यांना सांगितलं की फाइल चुकून काळ्या मशिनीला गेली आणि घाईत तशीच फ्रेम झाली. ओमच्या आजीने, रुपीबाईंनी, ती फ्रेम बोरी अरबहून परत पाठवली. निरोप होता, "जित्या माणसायचा फोटो असा कोणी देते काय? हार घालाचा तेवढा बाकी ठेवला." लग्नाची तारीख 'पाहू' वर गेली. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि बॅग भरलीस. तुला खरं सांगता येत नव्हतं, कारण मीच तुला शपथ घातली होती.

चूक नव्हती ती. फाइल आपोआप त्या मशिनीला जात नाही. कागद बदलावा लागतो, सेटिंग बदलावी लागते. हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तर माझी झाकली मूठ परवापर्यंत सव्वा लाखाची होती.

पण चूक नव्हती तर काय होतं? इथेच माझं डोकं फिरतं. तुझ्याच सगाईचा फोटो तपासायला तुलाच कसं बसवू, असं वाटलं. शिवाय तू जाणार, तर एक तरी रंगीत प्रिंट एकट्याने काढून पाहू म्हटलं. काढला. याडी म्हणाली, बेस हाये. मग शेजारच्या शिलाईच्या दुकानातून तुळसाबाई आल्या. "भारतभाऊ, पोरीचं तोंड असं हिरवं काहून दिसून राह्यलं?"

मला तर तू नवरीसारखी दिसत होतीस.

आणखी तीन काढले. दर वेळी कोणाला बोलावून विचारणार? शेवटी काळ्या मशिनीवर टाकला, आणि बबी, तसा प्रिंट माझ्या हातून आजवर उतरला नाही. तुझ्या गालावरचा उजेडसुद्धा आला. त्या आनंदात मी विसरलो की ती मशीन कोणाचे फोटो काढते. विसरलो, की विसरल्याचं सोंग केलं? लग्न लांबलं तर तू अजून चार महिने माझ्याजवळ बसशील, असं मनात होतं का? नव्हतं म्हणतो, आणि लगेच वाटतं, होतं.

परवा रविवारी मी बोरीला गेलो. ठरवून गेलो नव्हतो. दारव्ह्याच्या गाडीत बसलो तेव्हा कळलं की चाललोय. रुपीबाई ओसरीवर कशिदा काढत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "आजी, मशीन नाही चुकली. मले लाल-हिरवं समजत नाही."

त्यांना थट्टा वाटली. दोऱ्याच्या दोन लड्या पुढे करून म्हणाल्या, "सांग बरं, याच्यातली लाल कोणती?" मी सांगितली. कोणी हसलं नाही, तेव्हा समजलो.

ओम मागे उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "बबिताले माहीत होतं?"

"सात वर्षांपासून. तेच मले रंग सांगते."

रुपीबाईंनी दोन्ही लड्या गुंडाळून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "जे पोरगी भावाचं इतकं झाकते, ते आमच्या घरचंबी झाकीन." याला होकार म्हणायचं का? मला वाटतं म्हणायचं.

ओम मला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "दादा, हे घराण्यात राह्यते काय?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

माहीत आहे, बबी. आठ वर्षांपूर्वी रेल्वेच्या भरतीत मी धावण्यात नापास झालो असं घरी सांगितलं होतं. मी डोळ्यांच्या तपासणीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बहीण आहे का? म्हणाले, हे आईकडून मुलाला येतं. बहिणीला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलांत उतरू शकतं. उतरेलच असं नाही.

याडीला सांगितलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला दोष दिला असता. हे कारण खरं आहे. तुला का नाही सांगितलं, त्याला मात्र एकही कारण सापडत नाही, आणि जे सापडतं ते लिहायची लाज वाटते. तू घाबरून माझ्यापासून दूर झाली असतीस तर माझं दुकान कोणाच्या डोळ्यांनी चाललं असतं?

येत्या रविवारी ओम आणि रुपीबाई तुझ्याकडे फुलसावंगीला येणार आहेत. माझी शपथ सुटली. ओमला पुढचं सांगायचं की नाही, आधी सांगायचं की लग्नानंतर, मला काही सुचत नाही. सांगितलं तर मोडेल, न सांगितलं तर तुझ्या गळ्यात माझंच खोटं बांधल्यासारखं. मी सकाळच्या पहिल्या गाडीने येतो. तू म्हणशील तर त्याला मी सांगेन. तू म्हणशील तर बाहेरूनच परत जाईन.

सात वर्षं मी तुला विचारत आलो, बबी, हा रंग कोणता. तुझ्या लेकरालाही उद्या असंच कोणाला तरी विचारावं लागू शकेल, हे तेवढं तुला एकदाही सांगितलं नाही.

तुझा,
भारत