काळं बोट

प्रिय सत्यशीला,

सांगतेय मी, लिहितेय कुसुमबाई. अंगणवाडी सुटल्यावर आली, चहा पिऊन बसली. मी म्हणेन तेच लिही, मधी आपलं शहाणपण घुसडू नको, असं तिला बजावलंय. तिला ते जड जायलंय.

इकडं सगळं बरं. कापसाची दुसरी वेचणी उरकली. काळी शेळी व्याली, दोन पिलं झाली. तुझा बाप दत्तराव तुझं पत्र खिशात घालून चार दिवस हिंडला, मग मला वाचून दाखवलं. तू केलेली मशीन फसली, ती सरांना दाखवत नाही, परीक्षेलाही बसत नाही म्हणतेस. औरंगाबादेत पोरींच्या मऊ बोटांवर चालली, पण जिच्यासाठी केली तिच्या कष्टाच्या बोटावर चालली नाही, असं लिहिलंस. मी सुपारी कातरत होते, कातरत राहिले.

तू मशीन घेऊन आलीस त्या दिवसाचं मला सगळं ध्यानात आहे. ओसरीवर निम्मं गाव. तू कपड्याच्या चिमट्याएवढी ती वस्तू काढलीस, आत लाल दिवा, वायरीनं एका डबीला जोडलेली. बोटातून उजेड आरपार जातो आणि काळजाच्या ठोक्यागणिक डबीवरचा दुसरा दिवा लुकलुकतो, असं झकास समजावलंस. आजीला आकडे कळत नाहीत म्हणून दिवा बसवला म्हणालीस, ते मला लय आवडलं. मग चिमटा माझ्या बोटाला लावलास, अन् दिवा ढिम्म. शेजारचा बन्सीधर म्हणाला, म्हातारी कवाच गेली, सांगायचं राहिलं. सगळे हसले, मीच जास्त. तू तेवढी हसली नाहीस. दुसऱ्या कुणाला लावूनही बघितलं नाहीस. डबी कोनाड्यात टाकलीस आणि न जेवता देवगाव फाट्यावर एस.टी. धरलीस. तापटपणा बापाचाच घेतलास.

आता ऐक. कुसुमबाई, तूही ऐक, पण लिहिणं थांबवू नको. कापूस वेचून बोट चिरलं की आपण बायका बिब्याचं तेल लावतो, कातडं काळंकुट्ट होतं. त्या दिवशी माझं एकच बोट तसं होतं. उजेड आरपार जातो म्हणालीस, तेव्हाच मी बाकीची नऊ पदराखाली घेतली आणि तेच पुढं केलं.

दिवाळीपासून छातीत काहीतरी अडखळतंय, दळताना जात्यात खडा यावा तसं. तुला ते दिसलं असतं तर तू कॉलेज सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. तू गेल्यावर मी चिमटा शेजारच्या बोटाला लावला. दिवा लुकलुकला. तीनदा नीट, एकदा गप्प, मग पुन्हा. आत होतंय तसंच, हुबेहूब. तुझी मशीन खरी आहे, खोटी मी. डबी बापाबरोबर धाडतेय, या चिठ्ठीत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. आधी सरांना दाखव, परीक्षा दे, मग ये. तोवर दुसरं बोट काळं करत नाही.

तुझीच लबाड आजी,
मनकर्णाबाई