दोन अर्ज, एका ओळीचा फरक

सोमवार, ८ सप्टेंबर

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सगळं उलटंपालटं झालं. वेळ नक्की माहीत आहे, कारण तिच्याकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो.

आमच्या इमारतीच्या जिन्यात बसलो होतो, खालच्या मजल्यावरची ती आणि मी, नेहमीसारखे, मध्ये एक पायरी सोडून. तिने केस मागे सारले, कानामागच्या यंत्राला बोट लावलं आणि म्हणाली, "नोकरीच्या अर्जात हे लिहू का रे?"

मला विचारते! साऱ्या जगात मलाच! गेले पाच महिने मी दुसरं करतो काय? विद्यापीठातल्या एका मॅडमच्या संशोधनासाठी माणसं बनवतो. खोटी. सहा-सात देशांत पसरलेल्या कंपन्यांना दोन-दोन अर्ज पाठवायचे — शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक फक्त एका ओळीचा: 'मी श्रवणयंत्र वापरतो.' मग बघायचं, बोलावणं कोणाला येतं. 'आमच्याकडे सर्वांना समान संधी' असं तर सगळ्याच लिहितात! सव्वीस जोड्या गेल्या. ओळ नसलेल्यांना नऊ बोलावणी. ओळवाल्यांना दोन. (मी स्वतः कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला, आणि इथे लोकांना पहिल्या वर्गाच्या पदव्या वाटतो!)

आणि यातलं अवाक्षर बाहेर काढणार नाही म्हणून सही करून दिलीय.

मग काय म्हणालो मी? "तुझं तू बघ." तेही खेकसून. गाढव!

मंगळवार, ९ सप्टेंबर

लिहिलं तिने. "लपवून आत शिरले तर रोज लपवत बसावं लागेल. जन्मभर केस मोकळे? एवढ्या उकाड्यात? नको रे बाबा!" आणि हसली. तिच्या पुढच्या दोन दातांत किंचित फट आहे. त्या फटीपायी मी — जाऊ दे.

मग कंपनीचं नाव सांगितलं. त्याच कंपनीत, त्याच जागेसाठी शुक्रवारी माझे दोघं गेलेत — गुळगुळीत, म्हणजे ओळ नसलेला, आणि यंत्रवाला. (मॅडम त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. मला तसं जमत नाही.)

नियम आहे — ओळखीचं कोणी त्याच रांगेत असेल तर मॅडमना लगेच सांगायचं. नाही सांगितलं. सांगितलं की ही जोडी माझ्याकडून काढून घेणार. मग पुढे काय होतंय ते मला कळायचं कसं?

बुधवार, १० सप्टेंबर

आजही नाही सांगितलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळीच मेल. गुळगुळीतला मुलाखतीचं बोलावणं, सोमवारी अकराला. यंत्रवाल्याला काही नाही. काहीतरी निमित्त काढून तिला फोन केला. तिलाही नाही. "मुलाखतीच्या याद्या लागल्या म्हणे," एवढंच म्हणाली.

डोकं भणाणलं. हा माणूस जगातच नाही! याची जन्मतारीख मी ठरवली. छंद मी ठरवले — बुद्धिबळ, पोहणं. मला स्वतःला पोहता येत नाही! आणि माझ्याच हातचा हा बाहुला तिच्या खुर्चीत जाऊन बसला.

उत्तर लिहायला घेतलं. "समान संधीची पाटी लावलीत, ती वाचायला तुम्हाला डोळे तरी आहेत का?" पुढे पानभर शिव्या. बोट बटणावर.

तेवढ्यात मॅडम स्टेपलर शोधत आल्या. "काय रे, 'अ'ला बोलावणं आलं ना? मग नकार आजच्या आज जाऊ दे. आपल्या खोट्या माणसापायी खऱ्या माणसाची जागा अडायला नको."

खऱ्या माणसाची जागा! सगळं पुसलं. 'मला दुसरीकडे संधी मिळाली आहे. आपला आभारी आहे.' पाठवलं. इतकी सभ्य ओळ आयुष्यात लिहिली नव्हती.

बुधवार, १७ सप्टेंबर

तिला कंपनीचा फोन नाही. जिन्यातही आली नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आलं! तिला बोलावणं आलं! दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. "कोणीतरी ऐन वेळी नको म्हणाला म्हणे! त्याच्या जागी मी. भलं होवो त्या बाबाचं!"

मला हसू आवरेना.

"वेड लागलं का तुला?"

लागलंच होतं. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस असाच हसत असणार.

मग म्हणाली, "तू त्या दिवशी खेकसलास ना, इतका राग आला होता! नंतर वाटलं, येणारा-जाणारा सल्ला देतो. तूच एक नाही दिलास." घ्या! गाढवपणाही कधी फळाला येतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं. उभ्यानेच, एका दमात.

त्यांनी पट्टी ठेवून तक्त्यातली ती जोडी आडवी खोडली. "पहिल्या दिवशी बोलला असतास तर ही मी सांभाळली असती. आता कोणीही म्हणेल, पोराने प्रेमापोटी आकडे फिरवले. ती कंपनी सुटली बघ आपल्या हातून."

प्रेमाचा शब्द मी कुठे काढला होता!

"माझं काम गेलं का?"

"अर्ज लिहिणं गेलं. उद्यापासून नोंदी कर." मग चष्मा पुसत, "ती कंपनी आता अभ्यासात नाही. मुलाखतीचा निकाल लागला की सांग त्या मुलीला. आकडे सांग, बाकीच्या कंपन्यांची नावं नाही."

नेमका भक्कम पुरावा माझ्यापायी गेला. लाज वाटली. तरी घरी येऊन पोटभर जेवलो — दहा दिवसांनी.

बुधवार, २४ सप्टेंबर

लागली नोकरी! एक तारखेपासून.

मग सांगितलं. तो बाबा मीच, इथपासून सगळं. वाटलं होतं, हसेल, निदान पाठीत एक धपाटा तरी घालेल. तिने आकडेच पुन्हा विचारले.

"सव्वीसपैकी नऊ, आणि दोन?"

"हो."

"अर्ज अगदी सारखे?"

"स्वल्पविरामासकट."

डोळे भरले तिचे. "मला वाटायचं, मलाच काही येत नाही." आणि मग रडता रडता हसली. "सुटले रे!" मधली पायरी ओलांडून माझ्या पायरीवर येऊन बसली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

ती खाली उभी आहे. हातात फाईल. याआधी दोन वर्षांत केलेले अकरा अर्ज, सगळे तिचे, प्रत्येकात ती ओळ. एकालाही उत्तर नाही — आणि मला कधी बोललीसुद्धा नाही! "तुझ्या मॅडमकडे ने मला. त्यांच्या खोट्या माणसांत एक खरं बसू दे."

हाक मारतेय. निघालो. दार लावतो.