जागे रुग्ण विद्यार्थी म्हणून धरण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता साहेब (व्यक्तिशः),
वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय.

विषय : सहायक प्राध्यापक (शल्यचिकित्सा) या पदासाठी अर्जदाराच्या अध्यापन-अनुभवाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : ‘अनुभव निरंक, सबब अर्ज दप्तरी दाखल’ असे कळवणारे आपल्या सहीचे पत्र.

महोदय,

अर्जदार हा स्वतःचे छोटे रुग्णालय चालवणारा सर्जन असून, ते बंद करून आपल्या महाविद्यालयात शिकवायला यावे, अशी त्याची इच्छा आहे. वयाची अट पाहता ही शेवटचीच संधी आहे. पुढच्या भरतीत अर्जदार वयात बसणार नाही. संदर्भीय पत्रात त्याच्या अध्यापनाच्या अनुभवापुढे ‘निरंक’ असे लिहिले आहे. हे वाचून अर्जदाराची पत्नी जेवता जेवता इतकी हसली की तिला ठसका लागला. या माणसाला घरात गप्प कसे बसवावे हा प्रश्न तिला लग्नापासून सुटलेला नाही, आणि कार्यालय म्हणते त्याने कधी शिकवलेच नाही. सबब खालील बाबी नम्रपणे सादर आहेत.

१. अर्जदाराच्या सरांची एक शिस्त होती. चाकू लावण्याआधी काय कापणार आणि का, हे मोठ्याने सांगायचे. ‘का’ सांगता आले नाही, तर चाकू खाली ठेवायचा. सर गेले, शिस्त अर्जदाराच्या तोंडात राहिली. महाविद्यालयात असे बोलणाऱ्याभोवती मुले गोळा होतात. खासगी रुग्णालयात ऐकायला असतात सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि रुग्ण. सिस्टरना सगळे पाठ आहे. अर्जदार श्वास घ्यायला थांबला की पुढचे वाक्य त्याच म्हणून टाकतात. भूलतज्ज्ञ अर्जदाराचा वर्गमित्र, म्हणजे त्याच्याकडून आदराची बातच नको. राहता राहिला रुग्ण. हर्नियाच्या रुग्णाला अर्जदाराकडे कमरेखालीच भूल देतात. वर तो टक्क जागा असतो आणि त्याला उठून जाता येत नाही. इतका हजर विद्यार्थी आपल्याही संस्थेत विरळाच असेल.

२. या अध्यापनाचे निकाल चांगले आहेत. सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ हर्नियातून बरे झाल्यापासून दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला उभे करून खोकायला लावतात आणि जांघ बघून निदान करतात. त्यांनी पाठवलेले बहुतेक रुग्ण बरोबर निघाले. एकाच्या खिशात मात्र किल्ल्यांचा जुडगा निघाला. दुसरे एक सद्गृहस्थ आधी एका बाजूसाठी आले, मग दुसऱ्या बाजूसाठी. दुसऱ्या वेळी ते पडद्याआडून “आता नस जपायची, मग पिशवी सोडवायची, मग जाळी” असे अर्जदाराच्या आधी म्हणत होते. त्यांना दुसऱ्या वर्षात गेलेले धरावे. पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी तर मध्येच थांबवून, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही आणि मागच्या मुद्द्याची उजळणी झालेली नाही, असे दोन शेरे मारले. अर्जदाराने दोन्ही सुधारणा त्याच शस्त्रक्रियेत केल्या.

३. तक्रारी अजिबात नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. “एक तर रुग्णाला पूर्ण झोपवतो, नाहीतर तुला,” असे भूलतज्ज्ञाने बजावले आहे. घरी पेरू कापताना अर्जदार प्रत्येक फोडीचे कारण सांगतो आणि धाकटी मेहुणी आली की तिला कपाटाच्या मुठीवर गाठ मारून दाखवतो. ती आता येण्याआधी फोन करून अर्जदार घरी नसल्याची खात्री करून घेते. “कॉलेजात जा, नाहीतर मुकाट्याने जेव,” हा पत्नीचा अंतिम निर्णय असून त्यावर अपील नाही.

४. चेष्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगणे भाग आहे. अर्जदाराचे हात आणखी काही वर्षे चालतील. सरांनी हातात हात धरून जे शिकवले, ते पुस्तकात नाही. किती ओढले म्हणजे पुरे, हे कुठे छापलेले नसते. ते पुढे कुणाला दिले नाही, तर हातांबरोबर संपेल. ऑपरेशन उरकून हात धुताना शेजारचा नळ रिकामा असतो, तेव्हा अर्जदाराला फार एकटे वाटते. एरवी तो असले बोलत नाही.

५. वरील रुग्णांची पत्रे घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आला होता. खिडकीतल्या बाईंनी ती सगळी वाचली, सायकलवाल्यांचे दोनदा वाचले, पत्ताही उतरवून घेतला आणि म्हणाल्या, “साहेब, छान आहे हो, पण विद्यार्थी डॉक्टर लागतो. एक तरी दाखवा.”

असा एक विद्यार्थी आहे. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ डाव्या बाजूच्या हर्नियासाठी अर्जदाराकडे आले. कानटोपी भुवयांपर्यंत, तोंडावर मास्क, आणि व्यवसाय विचारल्यावर म्हणाले, “किरकोळ.” स्वतःच्या शहरातले मोठे रुग्णालय सोडून इतक्या लांब का, असे विचारल्यावर त्यांनी खरे ते सांगितले. तिथे आपल्याला कोण कापेल याची त्यांना धास्ती होती. मुले गुणी आहेत, पण शेजारी उभे राहून दाखवायला कुणाला वेळ नाही, असे म्हणाले. कमरेखाली भूल दिली आणि शस्त्रक्रिया सुरू झाली. पुढे काय दिसायला हवे, असे अर्जदाराने सवयीने विचारले, तर पडद्यामागून अस्सल शास्त्रीय नावात उत्तर आले. उत्तर चूक होते. अर्जदाराने बरोबर काय ते सांगितले. त्यांनी “का?” विचारले, आणि मग विचारतच राहिले. सिस्टर त्या दिवशी घड्याळाकडे बघायच्या विसरल्या. शेवटचा टाका पडल्यावर ते म्हणाले, “हे मला त्या वयात कुणी असं सांगितलं असतं, तर मी सर्जन झालो असतो. फायलींवर सह्या करत बसलो नसतो.”

त्यांचे नाव अर्जदार सांगणार नाही. रुग्णाचे गुपित राखणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि कुणी कितीही आग्रह केला तरी तो बधणार नाही. मात्र संमतीपत्रावरची त्यांची सही आणि संदर्भीय पत्रावरची सही एकाच वळणाची असल्याने आपला आणि त्यांचा उठण्याबसण्याचा संबंध जवळचा असावा, असा अर्जदाराचा अंदाज आहे. आपण दाढी करताना त्यांची भेट झालीच, तर खालील निरोप द्यावा.

त्यांच्या उजव्या बाजूलाही सुरुवात आहे, हे त्यांना तेव्हाच सांगितले होते. फेरतपासणीला ते आलेले नाहीत. ती बाजू आज ना उद्या करावी लागेल. ती त्यांनी स्वतःच्याच संस्थेत, स्वतःच्याच विद्यार्थ्यांसमोर करून घ्यावी, अशी विनंती आहे. चाकू अर्जदाराच्या हातात राहील, मुले बघतील आणि ‘का’ विचारतील, पडद्यामागून त्यांनीही विचारावे. आणि त्यांच्या घरातल्या कुणावर पुढे अशी वेळ आली, तर त्या माणसाला कानटोपी घालून परगावी जावे लागणार नाही. तोवर ही मुले तयार झालेली असतील.

तरी अर्जदारास मुलाखतीस बोलवावे. खोलीत एक आडवे होण्याजोगे टेबल आणि चांगला उजेड असल्यास मुलाखत आणि फेरतपासणी एकाच खेपेत उरकेल.

आपला नम्र आणि अद्याप वयात बसणारा,
(सही)
अर्जदार सर्जन
दिनांक : आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) रुग्ण-विद्यार्थ्यांची पत्रे. मुख्याध्यापिकांनी आपल्या पत्रात अर्जदाराला ‘बरा, प्रगती आहे’ असा शेरा दिला आहे.
२) पत्नीचे ना-हरकत पत्र. हे तिने न मागता दिले.
३) डॉक्टर-विद्यार्थ्याने द्यावयाचे अनुभव-प्रमाणपत्र. मजकूर तयार आहे, सहीची जागा कोरी ठेवली आहे. मजकूर पटल्यास आपण तिथे सही करावी.