वांगणीची खोली अक्षदाच्या नावे

अण्णा, मी तेव्हाही उलट बोललो नव्हतो. गुरुजींना नुसतं विचारलं होतं, "हे कशावरून?" त्यांनी वर्गाबाहेर काढलं. तुम्ही काय झालं ते न विचारता दुसऱ्याच दिवशी मला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये जीन्सचे धागे कापायला बसवलंत. सातवी तिथेच राहिली. आता आपली धाकटी अक्षदा दहावी पास झाली, तर तिलाही तेच, "लय प्रश्न विचारते. पुरे झालं शिक्षण." म्हणून हा कागद.

मी, सुजित सदू भगत, वय २६, राहणार वांगणी, सध्या हिमाचलात बोगद्याच्या कामावर, डोकं ठिकाणावर असताना, दारूला न शिवता आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना लिहून ठेवतो. कारण परवा बोगद्याचं छत पडलं.

मुकादम म्हणाला, "छत पक्का है."
मी म्हटलं, "ठोक के देखा?"
"बीस साल हो गये. तू सिखाएगा?"

मी पहार मारली. आवाज पोकळ आला. आम्ही मागे सरलो आणि दगड खाली.

खडक तपासायला तेजस्वी मॅडम महिन्यातून एकदा येतात, तेवढंच कानावर मराठी. त्या म्हणाल्या, "सॉक्रेटिस हेच करायचा, माणसांच्या बोलण्यावर." ग्रीसचा माणूस, चोवीसशे वर्षांपूर्वीचा. आपण मडकं वाजवून घेतो तसा तो ज्याला-त्याला विचारून बघायचा, तुला हे खरंच माहीत आहे का? सुरुवात स्वतःपासून, की मला काही येत नाही. त्याने ओळसुद्धा लिहिली नाही. शिष्यांनी लिहिलं, मग शिष्यांच्या शिष्यांनी त्यांनाच प्रश्न केले. मोठा म्हणाला म्हणून खरं मानायचं नाही, ही सवय तशीच पुढे शास्त्रज्ञांपर्यंत आली, असं मॅडम सांगतात. त्याला मात्र गावाने विष पाजलं. त्या मानाने तुम्ही मला कॅम्प पाचलाच धाडलंत.

१. वांगणीची माझ्या नावावरची खोली माझ्या पश्चात अक्षदाची. तुम्ही आणि आई हयात असेपर्यंत तिथेच राहाल. खोली विकून तिचं लग्न लावायचं नाही.

२. माझं शिलाई मशीन कॅम्प पाचच्या कारखान्यातल्या कैलासला. त्याने शेठकडे माझी चुगली केली होती, विसरलो नाही. पण हात त्याचा चांगला.

३. फंडाचे पैसे अक्षदाच्या शिक्षणाला, उरले तर आईला.

४. गुरुजींना काही नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून त्यांच्याकडेच आहे.

५. मोबाइल आईला. त्यातले तिने पाठवलेले आवाजाचे मेसेज पुसू नका. जेवताना मी तेच लावतो, "जेवलास का रे?" मी हो म्हणतो. ऐकायला कुणी नसतं.

सही: सुजित सदू भगत
साक्षीदार: मंगल मुंडा (अंगठा), तेजस्वी मॅडम (सही)
मुक्काम बोगदा वसाहत, १० जून २०२५

अण्णा, हे मेल्यानंतरचं झालं. अकरावी सायन्सचा प्रवेश तोवर थांबणार नाही, शुक्रवारी शेवटची तारीख आहे. तुमच्या नाही, तिच्याच खात्यात आज पाठवतोय: अकरा हजार सहाशे रुपये.