आईचं नाव कोणाच्या फॉर्मवर

रोहा, शनिवार, मार्च १९९६

आज कँटीनमध्ये जेवणाचा डबा घालून विन्याचं डोकं फोडलं. सख्ख्या भावाचं! डबा आईनंच भरलेला.

आम्ही दोघं कामाला आहोत त्या परदेशी कंपनीचा नवा फॉर्म आहे, प्रत्येकानं तीन सवलतींतली एकच निवडायची. आईच्या दम्याचा इलाज सोडून त्यानं स्कूटरच्या कर्जावर खूण केली. आणि मी? मुलांच्या फीवर. मला वाटलं आईचं नाव तो घालेल, त्याला वाटलं मी. त्यानं स्टूल हाणून माझी भुवई फाडली.

फॉर्म आज पाचपर्यंतच बदलता येणार होता. पाचला आम्ही दोघं कंपनीच्या दवाखान्यात टाके घालून घेत होतो.

घरी आई धापा टाकत चेपलेला डबा घासत होती. म्हणाली, "टाक्यांचं पैसं कंपनीनंच भरलं ना रे?"

"व्हय."

"मंग बरं. लय चांगली हाय तुमची कंपनी."