सालईची बटणं

१ जानेवारी १९६४, बुधवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. डायरी ऑफिसने निरोपसमारंभात दिली. मुखपृष्ठावर गेल्या वर्षीचा आकडा होता, तो मी स्वतः दुरुस्त केला. ही डायरी कोणी वाचावी अशी इच्छा नाही. निदान मी हयात असेपर्यंत तरी.

रिटायर माणूस खाटेवर उन्हात बसतो आणि संपतो. मी आजच खाटेवर उन्हात बसलो होतो आणि संपायच्या आत आयडिया सुचली. वनखात्यातल्या हेडक्लार्कीत दर वर्षीच्या रिपोर्टात एक वाक्य मी टाइप करत आलो: ‘तोडीनंतर उरलेले लाकूड निरुपयोगी.’ शेंडे, फांद्या, वाकडी खोडं, सालईसारखी हलक्या लाकडाची झाडं. ठेकेदार सागवान उचलून नेतो, बाकी सगळं जंगलात सडतं. इतकी वर्षं टाइप केलं, पण वाचलं आज.

निरुपयोगी कसं? बटणं होतील. चमचे, खेळणी, दौतीचे स्टँड. आमच्या बालाघाट जिल्ह्यात कारखाना का नसावा? कच्चा माल जवळजवळ फुकट. लागेल ते फक्त भांडवल, आणि ते द्यायला सरकार बसलंच आहे. संकल्प: महिन्याभरात अर्ज.

४ जानेवारी
सौ.ला योजना सांगितली. ती म्हणाली, चूल पेटवायला काड्या संपल्यात, मैनाबाई आज यायला हवी होती. स्त्रियांना औद्योगिक दृष्टी नसते, यात त्यांचा दोष नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
मैनाबाई आली. ही आमची लाकडं टाकणारी बाई. जंगलातून पडकं लाकूड गोळा करते, डोक्यावर मोळी आणते, परसात टाकते. विधवा. प्रत्येक मोळीवर बारीक काड्यांची एक जुडी वेगळी बांधलेली असते, ती ‘बाई’साठी, म्हणजे सौ.साठी, तिचे पैसे घेत नाही. मग दोघी मागच्या ओट्यावर चहा घेत बसतात. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. सौ.ला मनमोकळं बोलायला ही एवढीच. आज तिळगूळ दिला, तर मैनाबाईने दोन लाडू पदरात बांधले. घरी कोणी नाही, मग कोणासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

मोळीतून सालईचे चार चांगले ओंडके मी सँपलसाठी काढून घेतले. मैनाबाई हसून म्हणाली, “ते जयत बी नाही नीट, बाबूजी. बाईले धूर होते म्हनून खाली टाकलं होतं.” म्हटलं, जळत नसेल, पण याच लाकडाचं सोनं करून दाखवतो. ती म्हणाली, “हौ जी, करा.”

२६ जानेवारी
बटणं तयार झाली. सहा. गोल म्हणता येतील अशी चार. सौ.कडून माझ्या कोटाला लावून घेतली. ऑफिसवरून मुद्दाम दोनदा चक्कर मारली. कोणी विचारलं नाही. बहुधा लक्षात आलं नाही, म्हणजे ती विलायती बटणांसारखीच दिसतात.

३ फेब्रुवारी
सौ.ने कोट धुतला. बटणं फुगली. काजातून निघेनात. कोट डोक्यावरून काढावा लागला, त्यात चष्मा आत राहिला. ही प्राथमिक अवस्थेतली अडचण आहे. फुगण्याचा अर्थ लाकडात जीव आहे. चमचा मात्र यशस्वी. वरणात दांडा तुटला, पण तुटलेला भाग ताटात सापडला.

१२ फेब्रुवारी
अर्ज गेला. उद्योग खात्याला, प्रत वनखात्याला, प्रत कलेक्टरसाहेबांना. इंग्रजीत. स्वतः टाइप केला. तिसरा परिच्छेद विशेष उतरला आहे: ‘सदर लाकूड आज कोणाच्याही उपयोगाचे नाही. काही बाया ते विनामूल्य उचलून नेतात व शासनाचे नुकसान होते. या वाया जाणाऱ्या संपत्तीचा ताबा उद्योगाला मिळावा.’ वाक्याला वजन आहे. सौ.ला मराठीत वाचून दाखवलं. चहा ढवळता ढवळता ती म्हणाली, “हा चहा कशावर झाला?” मी म्हणालो, विषयांतर नको.

२० मार्च
अजून उत्तर नाही. मोठ्या फायली सावकाश हलतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी स्वतः कितीएक थांबवल्या आहेत.

दरम्यान बोर्ड रंगवून घेतला. ‘पिंपळापुरे वुड प्रॉडक्ट्स’. आधी सालईच्या फळीवर रंगवणार होतो, पण ती वाळता वाळता वाकली. शेवटी सागवानाची फळी विकत आणली. धोरणाशी विसंगत दिसतं, पण बोर्ड हे प्रॉडक्ट नव्हे.

११ एप्रिल
अत्यंत आनंदाचा दिवस. बाजारात वनखात्याचा भैयालाल नाकेदार भेटला. जुना माणूस, मला अजून नमस्कार करतो. म्हणाला, वरून हुकूम आला आहे, आता पडकं लाकूडसुद्धा कोणी उचलायचं नाही. कुठल्याशा कारखान्यासाठी राखून ठेवायचं आहे. “पता नहीं बाबूजी, किसके दिमाग में आया.”

मी आतून उड्या मारत होतो. म्हणजे अर्ज वाचला जातोय! तिसरा परिच्छेद लागू पडला!

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “मैनाबाईनं काय करायचं?” त्यावर मी सांगितलं की कारखान्यात पहिली नोकरी मैनाबाईला. फिनिशिंग सेक्शन. ती म्हणाली, “आणि तोवर?” हा प्रश्न व्यवहार्य नाही.

१७ एप्रिल. सकाळी आठ.
आजची हकीकत नीट लिहून ठेवली पाहिजे, कारण तिचा विपर्यास होऊ शकतो.

दारात भैयालाल. मागे मैनाबाई, डोक्यावर मोळी तशीच. तिची कुऱ्हाड त्याच्या काखेत. त्याने विचारलं, “बाबूजी, ये बाई कहती है लकड़ी आपके घर देती है. पहचानते हैं इसको?” आणि हळूच म्हणाला, हो म्हणा, सोडून देतो, तुमच्या घरचं लाकूड मी पकडणार नाही.

इथे डोकं शांत ठेवणं भाग होतं. उद्योग खात्याचे साहेब पाहणीला येणार, असं पत्र आदल्याच दिवशी आलेलं. कारखान्याच्या प्रोप्रायटरकडे चोरीचं लाकूड येतं, हे कुठे कागदावर आलं तर? एका मोळीपायी सगळी योजना बुडायची. जिल्ह्याच्या हिताचा प्रश्न होता. मी म्हणालो, “ऐसी तो बहुत आती हैं.”

हे खोटं नाही. पुष्कळ येतात.

मैनाबाईने माझ्याकडे पाहिलं. भैयालालने काखेतली कुऱ्हाड सावरली. मग दोघं फाटकाबाहेर गेले. मोळीवर काड्यांची जुडी बांधलेली होती, ती वळणापर्यंत दिसत होती.

मी वळलो तर सौ. मधल्या दारात उभी. तिने ऐकलं असावं.

१८ एप्रिल
सौ. बोलत नाही. दाढ दुखत असावी.

२५ एप्रिल
दाढ दुखत नाही, विचारलं. मानेनेच नाही म्हणाली. भैयालालकडून कळलं, मैनाबाईला दिवसभर रेंज ऑफिसच्या आवारात बसवून ठेवलं, लाकूड आणि कुऱ्हाड जमा केली, तिला सोडून दिलं. म्हणजे प्रकरण मिटलं. कुऱ्हाड काय, दुसरी मिळते.

घरात दगडी कोळशाची शेगडी सुरू केली. आधुनिक. सौ. खोकते. सवय होईल. संकल्प: कारखाना सुरू झाल्यावर मैनाबाईला फिनिशिंगमध्ये नाही, थेट फोरमन करायचं. बायांवर बाई फोरमन असावी. यामुळे सतरा तारखेच्या प्रसंगाची भरपाई होऊन काही उरेल.

२१ मे
साहेब येऊन गेले. दुपारी दोन, जीपने. तरुण आहेत, स्वभावाने चांगले.

सँपल ठेवले होते मधल्या खोलीत टेबलावर, वर सौ.चा विणलेला रुमाल. चमचे, खेळण्यातला बैल, दौतीचा स्टँड, सुधारित बटणांचा डबा. साहेबांना आधी चहा, मग सँपल, असा क्रम मी ठरवला होता. चहा उत्तम झाला. साहेब म्हणाले, बरेच दिवसांनी लाकडावरचा चहा प्यायलो. मला त्यात काही खटकलं नाही. मग मी त्यांना मधल्या खोलीत नेलं. टेबलावर फक्त रुमाल होता, घडी करून ठेवलेला.

मी म्हणालो, सँपल टेस्टिंगसाठी जबलपूरला गेले आहेत. साहेब म्हणाले, अच्छा. अंगावर कोट होता, त्याची बटणं दाखवली. त्यांनी एक लावून पाहायला सांगितलं. लागलं नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. अनुकूल असावं, कारण लिहिताना ते हसत होते.

ते गेल्यावर सौ.ला विचारलं. महिन्याभरात ती माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, कोळसा सकाळीच संपला, घरात दुसरं लाकूड नव्हतं. मी म्हणालो, निदान बैल तरी ठेवायचा. ती म्हणाली, बैल आधी पेटला.

मी चिडणार होतो. पण तिचे डोळे लाल होते. धुराने म्हणावं तर धूर केव्हाचा गेला होता.

९ जून
पत्र आलं. उद्योग खात्याचं, सही-शिक्क्याचं. ओट्यावर उभ्यानेच फोडलं.

जिल्ह्यातल्या उरलेल्या लाकडाविषयी मी पुरवलेली माहिती ‘अत्यंत उपयुक्त’ ठरली, आभार. त्या माहितीच्या आधारे हे लाकूड बाहेरच्या एका मोठ्या ठेकेदाराला दिलं आहे. तो ते तिकडेच नेऊन फळ्या करणार. अनुदानही त्यालाच. माझ्या अर्जाची आता आवश्यकता उरलेली नाही.

पत्र पुन्हा वाचलं. ‘आवश्यकता उरलेली नाही’ ही शब्दरचना माझ्या ओळखीची आहे. मीही ती वापरत असे.

सौ.ने पत्र मागून घेतलं. वाचून परत दिलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, “मैनाबाई कुठे आहे माहीत आहे का?” नव्हतं. ती म्हणाली, भरवेलीला. मँगनीजच्या खाणीवर गोटे फोडते. या वयात. आठवडी बाजारात सौ.ला भेटली होती म्हणे.

बोर्ड काढून आत ठेवला.

१६ जून, मंगळवार. संध्याकाळ.
आज भरवेलीला जाऊन आलो. सौ.ने सांगितलं नव्हतं. मीच गेलो. तिकडे कामाने गेलो होतो असं आधी लिहिणार होतो, पण मला तिकडे काय काम?

कोट घालून गेलो. उन्हात मूर्खपणाच, पण काही मोठं बोलायचं होतं, त्याला कोट लागतो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. परिस्थिती, शासनाचं धोरण, माझा नाइलाज, फोरमनची जागा जिचा विचार मी मनापासून केला होता. मुद्देसूद होतं.

बाया ओळीने बसून हातोडीने काळे गोटे फोडत होत्या. सगळ्यांची तोंडं, हात सारखेच काळे. मी ओळीवरून पुढे गेलो, परत आलो. मला ती ओळखू येईना. इतकी वर्षं परसातून आलीगेली बाई, आणि मला ओळखू येईना. शेवटी तिनेच मान वर केली.

तेवढ्यात मुकादम आला. कोण, कुठले, इथे काय काम? मी कोट सावरू लागलो. तो तिच्याकडे वळला. “क्यों बाई, पहचानती है इनको?”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तिने नाही म्हणावं, असं मला त्या क्षणी फार वाटलं. म्हणाली असती तर फिटलं असतं, आणि मी ताठ मानेने परत आलो असतो.

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, “यायले काहून नाही ओयखनार? आमचे पिंपळापुरे बाबूजी हायेत. लई वर्सं यायच्या घरी लाकडं टाकले म्या.”

मुकादम गेला. मी उभाच. तिने विचारलं, बाईचा खोकला कसा आहे. म्हटलं, आहे. म्हणाली, “शेगडी बाहीर पेटवा म्हना, लाल झाल्यावर आत न्या. बाईले सोसत नाही तो धूर.” मग माझ्या कोटाकडे पाहून हसली. “आपल्याच सालईचे हायेत ना जी हे? लागत नाही वाटते.” म्हटलं, लागत नाहीत.

भाषणातलं एक अक्षर आठवलं नाही. कुऱ्हाड मिळाली का, एवढंच विचारलं. म्हणाली, नाही जी. आणि पुढचा गोटा घेतला. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. वाटायला हवी होती तेव्हासुद्धा.

घरी आलो तर सौ. दारातच. भेटली का? म्हटलं, हो.

ओळख दिली का तिने?

म्हटलं, हो. दिली.

सौ. पदर तोंडाला लावून आत गेली. मी शेगडी उचलून बाहेर ओट्यावर नेली आणि पेटवायला बसलो. काड्या नव्हत्या. बराच वेळ लागला.

आज संकल्प नाही.