सरपणातला रानकोळी

सोमवार, सकाळ

धाकटे,

आशीर्वाद. जंगल तपासायला आलेले साहेब "बेटावर राखण्यासारखं काही नाही" असं लिहायला निघालेत, म्हणून हे पत्र. एरवी मी आपणहून लिहिलं नसतं.

मी ठीक. छप्पर गळत नाही.

झालं असं. साहेब येणार म्हणून रखवालदाराने जंगल "साफ" केलं. कुजके ओंडके ओढून आणले, तोडले आणि माझ्या दारात रचले. वर म्हणतो, "बाई, साहेबांना ठेच नको लागायला. तुम्हालाही सरपण झालं!" या बेटाबाहेर कुठे सापडत नाही म्हणतेस, तो तुझा रानकोळी राहतो तेच ओंडके. साहेबांना त्याचं सांगितलं, तर दिवसभर जाळी शोधत हिंडले. मी सांगितलं, हा जाळं विणत नाही, सालीखाली दडून शिकार करतो. तर म्हणाले, "आजी, जाळं नाही तो कसला कोळी?"

मी आजी! काय ऐकवलं असेल ते तू ओळखशीलच.

दुसऱ्या दिवशी चुलीसाठी लाकूड उचललं, तर सालीखाली तो. तेव्हापासून चूल बंद आहे. शेजारीण डबा देते आणि टोमणाही, "बरण्यांतल्या कोळ्यांपायी बहिणीला घराबाहेर काढलंत, आता त्यांच्यासाठी उपास?" म्हटलं, तुझी भाजी खारट होते, तेवढं बघ.

साहेबांना जाणकाराचं लेखी हवं आहे. शुक्रवारी अहवाल गेला की रस्त्यासाठी वरच्या अंगाची झाडं पडतील. मीच लिहून देणार होते. तुझी बडबड ऐकून एवढं तर शिकले आहे. पण ज्यावरून तो ओळखायचा, ती त्याच्या पाठीवरची बारीक रेघ मला दिसत नाही. भिंगातूनही नाही. उजवा डोळा गेला, डाव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत. हे लिहायचं नव्हतं. ओळी वाकड्या दिसल्याच असतील, म्हणून लिहिलं.

तुझ्या खोलीचे कोपरे मी झाडत नाही.

उत्तर धाडत बसू नकोस. याच होडीने परत ये. वाट बघते असं म्हणणार नाही, पण धक्क्यावर असेन.

ताई

नावाड्याच्या हाती दिलं: झाकणाला भोकं पाडलेली बरणी एक, आत ओलं शेवाळ आणि रानकोळी, जिवंत. पोटाशी काही पांढरं धरून आहे, अंडी असावीत, तू बघ. शिवाय तुझ्या खोलीची किल्ली. एकच आहे.